फोटोच्या कडेला उभा असलेला माणूस

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दत्तादादांना तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी त्यांनाच सांगायला हवं होतं. इतकी वर्षं गेली की आता कधी कधी वाटतं, सांगून कुणाचं काय भलं होणार? पण न सांगून तरी कुणाचं झालं? तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तरी ओळखणार नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय. एवढंच धैर्य आहे माझ्यात.

गोष्ट लग्नाच्या फोटोंची आहे. कॉम्प्युटरच्या एका बटणाचीही आहे — पण बटणावर ढकलून मोकळं होता येत नाही, हे मी करून बघितलंय. खूप वर्षं करून बघितलंय.

नाशिकरोडला दत्तादादांचा स्टुडिओ होता. रोलचे दिवस संपत आले होते, दादांनी हिय्या करून डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि कॉम्प्युटरवर बसायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी बी.कॉम. करून, वर डीटीपीचा कोर्स करून घरी बसले होते. दादा कमी बोलणारा माणूस. लग्नात इतके गुपचूप वावरायचे की फोटो काढून झाला तरी लोकांना पत्ता नसायचा. कॉम्प्युटरला मात्र हात लावायचे नाहीत. म्हणायचे, तो तुझा प्रांत.

सुरुवातीला मी एकेक फोटो उघडून करायचे. उजेड वाढवायचा, चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, हॉलच्या ट्यूबलाइटचा हिरवटपणा काढायचा, मग कापून अल्बमच्या पानात बसवायचा. एका लग्नाचे शेकडो फोटो. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं. आणि दारात नवरीचा भाऊ उभा — झाला का अल्बम, सासरचे विचारताहेत.

मग मला 'अ‍ॅक्शन' सापडली. म्हणजे काय, तर एका फोटोवर आपण जे जे करतो ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि मग एक बटण दाबलं की अख्ख्या फोल्डरमधल्या फोटोंवर तेच ओळीनं करत सुटतो. आपण बसून बघायचं. नाही बघितलं तरी चालतं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी खुर्चीवर मागे रेलून चहा प्यायले होते, आणि इतकी खूश होते — काय सांगू. आठवड्याचं काम दुपारभरात. बाकीचे स्टुडिओवाले विचारायला यायचे, तुमच्याकडे अल्बम एवढ्या लवकर कसा होतो? दादा माझ्याकडे बोट दाखवायचे. मला ते बोट फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं, असं मला वाटतं.

त्या वर्षी चौकोनी अल्बमची टूम निघाली होती. कॅमेऱ्यातला फोटो आडवा, लांबट. चौकोनात बसवायचा तर दोन्ही बाजू कापाव्या लागतात. ग्रुप फोटो मी वेगळे काढून हातानं करायचे, पण बाकीच्यांसाठी कापणंही अ‍ॅक्शनमध्येच घालून टाकलं. मधला चौकोन ठेवायचा, डावी-उजवीकडचं टाकायचं, आणि त्याच नावानं सेव्ह करायचं — म्हणजे मूळ फोटोवरच. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी होती. नवरा-नवरी मधोमध असतात. कडेला काय असतं? खुर्च्या, कूलर, कुणाची तरी पाठ.

दादांचा एकच नियम होता. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचे फोटो आधी सीडीवर उतरवायचे आणि मगच त्यांना हात लावायचा. सीडी लिहायला वेळ लागायचा, मध्येच लाइट गेली तर सीडी वाया. मी हळूहळू ते टाळायला लागले. दादा विचारायचे, सीडी झाली? मी म्हणायचे, हो. कधीच काही बिघडलं नाही. म्हणजे — बिघडलं होतं का, हे बघायला कुणी मागे आलं नाही.

मी अजून मूळ गोष्टीवर येत नाहीये, कळतंय मला.

वैशाली इगतपुरीची. नाशिकमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथंच ओळख होऊन लग्न ठरलं. मुलगा जातीबाहेरचा. तिचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी सांगितलं होतं, मी येणार नाही. आई आणि भाऊ आले, चार नातेवाईक आले. छोटंसं लग्न होतं, हिवाळ्यातलं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त कॅमेऱ्याचं कार्ड मिळालं. कार्ड देताना दादा म्हणाले, "काही फ्रेम मुद्दाम मोकळ्या घेतल्यात, कडेला जागा ठेवून. त्या बटणावर नको टाकू. नीट बघून हातानं कर."

मी मान हलवली. का मोकळ्या घेतल्यात, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुपारी त्यांना दुसऱ्या लग्नाला जायचं होतं, कार्ड रिकामं हवं होतं. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतले, कार्ड पुसून दिलं. सीडी केली नाही.

अ‍ॅक्शन फोल्डरवर सोडण्याआधी एका फोटोवर चालवून बघायची माझी सवय होती. त्या दिवशी मी मंगलाष्टकांचा फोटो उघडला. मध्ये अंतरपाट, दोन्ही बाजूंना मामा, करवल्या. आणि उजव्या कडेला, मांडवाच्या खांबाशी, एक माणूस एकटाच उभा. करडा हाफ स्वेटर, डोक्यावरचे केस पांढरे, पाठीत थोडा वाकलेला. त्यानं अक्षता टाकायला हात वर केलेला होता आणि अक्षता नुकत्याच बोटांतून सुटल्या होत्या, हवेत होत्या. सगळे लोक नवरीकडे बघत हसत होते, बोलत होते. तो हसत नव्हता. त्याचा चेहरा — मला नीट सांगता येत नाही. आपण रेल्वेच्या फलाटावर कुणाला पोचवायला जातो आणि गाडी हलते, तसा.

मी तो चेहरा बघितला. हे मला इथं स्पष्ट लिहायचंय, कारण पुढे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं की आपण बघितलाच नव्हता. मी बघितला. कोण असेल हा, असं मनात आलंसुद्धा. आणि मी बटण दाबलं.

तो माणूस गेला. पण त्याचा वर केलेला हात तेवढा चौकोनात राहिला, मनगटापासून पुढचा, कुणाचाच नसलेला. ते वाईट दिसत होतं. तेव्हा मी काय केलं असेल? एक पाऊल मागे घेऊन फोटो पहिल्यासारखा करता आला असता, क्षणाचं काम होतं. मी तो हात पुसला. शेजारच्या पडद्याचा रंग उचलून त्या हातावर भरला, अगदी सफाईनं, झालर जुळवून. अक्षता बारीक होत्या, त्या एकेक पुसत बसायचा कंटाळा आला, म्हणून राहू दिल्या. आणि मग अख्खं फोल्डर अ‍ॅक्शनवर सोडलं. दादांनी सांगितलेल्या मोकळ्या फ्रेमसकट. त्यातल्या अजून दोन-तीन छोट्या चित्रांत कडेला तो करडा रंग दिसल्याचं मला आठवतं. मी चहाला उठले. परत आले तेव्हा सगळे फोटो चौकोनी झाले होते.

अल्बम छान झाला. वैशाली न्यायला आली तेव्हा हसत म्हणाली, "ताई, मी एवढी गोरी कधी झाले?"

वर्ष होत आलं असेल. एका दुपारी ती परत आली. आधी मी ओळखलंच नाही, इतकी उतरली होती. दादा देवळ्याला एका लग्नाला गेले होते, स्टुडिओत मी एकटीच. ती बाकावर बसली आणि पर्समधून वडिलांचा रेल्वेचा जुना पास काढून माझ्यापुढे ठेवला. वडील गेले होते. झोपेतच गेले. लग्नानंतर ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. ती दोनदा इगतपुरीला जाऊन आली होती, दोन्ही वेळा ते मागच्या दारानं बाहेर निघून गेले होते.

"दहाव्याला बाळूकाका भेटले," ती म्हणाली. बाळूकाका म्हणजे वडिलांचे रेल्वेतले दोस्त, शेजारीच राहणारे. "ते म्हणाले, पोरी, तुझा बाप आलता लग्नाला. खांबाच्या आड उभा व्हता. मला म्हनला, कुनाला सांगशील तर माझी शपथ हाय. अक्षता टाकल्या आन् गेला, जेवला बी नाय."

मी पासवरचा फोटो बघत होते. तरुणपणचा होता, केस काळे. पण तोच.

"आईचा विश्वास नाही. भाऊ म्हणतो, काका तुला बरं वाटावं म्हणून बोलताहेत. ताई, तुमच्याकडे सगळे फोटो असतील ना? अल्बममध्ये न घेतलेलेसुद्धा? एका कोपऱ्यात दिसले तरी चालतील. अर्धवट दिसले तरी चालतील."

हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. इथपर्यंत येतानाच पाय जड होत होते.

मी फोल्डर उघडलं. स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि तिला म्हटलं, बघा, सगळे आहेत. एकेक फोटो पुढे सरकवत गेले. सगळे चौकोनी, सगळे गोरे, सगळे स्वच्छ. ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसून प्रत्येक फोटोच्या कडा बघत होती. मध्ये ती स्वतः होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. मंगलाष्टकांचा फोटो आला तेव्हा ती थांबली. तिनं बोट पुढे केलं आणि हवेतल्या अक्षतांवर ठेवलं.

"या कुठून येताहेत?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "लोक टाकतात ना सगळीकडून."

तिनं मान हलवली. मी पुढचा फोटो आणला.

सगळे संपल्यावर ती म्हणाली, "नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाहीत. मी तुमचा एकूण एक फोटो हातानं केलाय. कुणी एकटं उभं असतं तर माझ्या लक्षात राहिलं असतं."

हे माझं वाक्य. शब्दन् शब्द आठवतं. नुसतं नाही म्हणून भागलं असतं, पण मी वर पुरावा जोडला. का? घाबरले होते, हे खरं. मूळ फोटो ठेवले नाहीत हे दादांना कळेल, माझ्याकडे दाखवलेलं ते बोट खाली जाईल, गावभर होईल की यांच्याकडे फोटो कापतात आणि फेकून देतात. पण नुसती भीतीच असती, तर नाही म्हणून गप्प बसले असते. मला तिचा संशयसुद्धा नको होता. तिनं पूर्ण विश्वास ठेवावा आणि परत येऊ नये, असं मला हवं होतं.

ती पास पर्समध्ये ठेवत म्हणाली, "दादांना एकदा विचाराल? त्यांनी बघितलं असेल तर."

मी म्हटलं, विचारून फोन करते.

दादा संध्याकाळी आले. त्यांना विचारलं असतं तर ते तिथल्या तिथं म्हणाले असते, हो, तो खांबाजवळचा माणूस, म्हणूनच तर मोकळ्या फ्रेम घेतल्या होत्या. मला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा बाहेर गेल्यावर दवाखान्यात फोन लावला आणि वैशालीला सांगितलं, दादा म्हणतात, तसं कुणी नव्हतं. पहिलं खोटं घाबरून तोंडातून निघून गेलं, असं म्हणता येईल. दुसरं मी एक रात्र उशाशी घेऊन झोपले आणि सकाळी उठून बोलले. तेही दुसऱ्या माणसाच्या नावावर.

पलीकडे दवाखान्यात कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी उगाच आशा लावून बसले असते."

आणि आभार मानले तिनं माझे.

त्यानंतर बरेच महिने मी एकाच गोष्टीवर अडकून होते — की फोटो आता परत आणता येत नाही. कुणाकुणाला विचारलं, पुसलेली फाइल परत मिळते का, वरून दुसरी सेव्ह केली असेल तर? नाही म्हणाले. मला वाटायचं, फोटोच नाही तर मी करणार तरी काय? किती उशिरा माझ्या डोक्यात उजेड पडला, सांगायलाही लाज वाटते. तिला फोटो लागत नव्हता. म्हणजे मिळाला असता तर तिनं छातीशी धरला असता, पण तिला लागत होतं ते एवढंच, की ते आले होते का. आणि ते मला माहीत होतं. फाइल गेली होती, माझे डोळे कुठे गेले होते? मी नुसतं म्हणू शकले असते — ते आले होते, मी बघितलेत, करडा स्वेटर होता, त्यांनी तुमच्यावर अक्षता टाकल्या. फोटो माझ्या चुकीनं गेला. ती रागावली असती. दादांनी कदाचित कामावरून काढलं असतं. दुसरीकडे कुठेही मला काम मिळालं असतं.

पुढे एकदा, पावसाळ्यात काम नसताना, दादांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, "ती इगतपुरीची मुलगी होती ना, तिच्या लग्नात एक म्हातारा टिपला होता मी. अक्षता टाकताना. आयुष्यात तसा फोटो एखादाच मिळतो. सीडीवरून काढून देशील? मोठा करून लावू."

मी म्हटलं, ती सीडी खराब निघाली.

दादांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "असू दे." त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर ते कुणी विचारायला आलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे नाहीत, पण हे माझ्या मनाचेही खेळ असतील. वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी ते काम सोडलं.

नंतर सिडकोत नवऱ्यानं मला दुकान टाकून दिलं — झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. तिथं एकदा वैशाली आली. मुलीला शाळेत घालायचं होतं, फोटो हवे होते. तिनंच मला ओळखलं. "ताई, तुम्ही नाशिकरोडला होता ना?" मुलगी स्टुलावर बसेना, तिला समजावता समजावता आम्ही बोलत होतो. मी — का कोण जाणे — विचारलं, इगतपुरीला जाणं होतं का?

"आईसाठी जाते कधीमधी," ती म्हणाली. "वडिलांच्या श्राद्धाला नाही जात. ज्यांना मी नको होते त्यांच्या नावानं कशाला पान वाढायचं?" मग मुलीचे केस नीट करत म्हणाली, "ते बाळूकाका आठवतात तुम्हाला? मी त्यांना चार लोकांत खोटारडे म्हटलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलता म्हणून. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मागच्या वर्षी तेही वारले. जायची इच्छा होती, पण नाही गेले."

दुकानात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. शटर अर्धं ओढून घेता आलं असतं. तिला बसवून सांगता आलं असतं — आता दादांची भीती नव्हती, नोकरीची नव्हती, कुणाचीच नव्हती. मी अजून कशाला घाबरत होते? मला वाटतं, तिच्या तोंडावर ते उमटलेलं मला बघायचं नव्हतं. ज्याच्यासाठी ती रडायचीच राहिली तो बाप, आणि ज्याला तिनं खोटारडा म्हटलं तो म्हातारा, दोघं एकदम तिच्यापुढे उभे राहिले असते, आणि त्यांना आणून उभं करणारी मी असते.

मी मुलीला म्हटलं, इकडे बघ बाळा. फोटो काढला. कॉम्प्युटरवर घेतला, पासपोर्टच्या मापात कापला, शीट छापून तिच्या हातात दिलं. ती मुलीचं बोट धरून रस्ता ओलांडून गेली.

तिचं घर मला माहीत आहे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मची झेरॉक्स तिनं माझ्याकडेच काढली, त्यावर पत्ता होता, आणि तो मी विसरले नाही. दुकानापासून चालत जाण्यासारखं आहे. भाजीला जाताना मी त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलेय, एकदा नाही, पुष्कळदा. गेटला मोगऱ्याचा वेल आहे, वरच्या गॅलरीत मुलीचा शाळेचा युनिफॉर्म वाळत असतो.

मी आत गेलेले नाही. उद्या जाईन, असंही इथं लिहिणार नाही.